ग्रंथ वाचून शहाणपण येतं का?

मंडळी, शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी आपण या देशात आलो, तेव्हा आपल्या दोन बॅगांमध्ये प्रेशर कुकर, पोळपाट-लाटणं, मेतकूट आणि गोडा मसाला यांच्या जोडीला घरच्यांनी बहुधा एक ग्रंथही घातला होता. कुणाच्या बॅगेत ज्ञानेश्वरी, कुणाच्या गीताई, कुणाच्या गुरुचरित्र, तर कुणाच्या दासबोध. पुढे आपली अपार्टमेंट्स बदलली, मग टाऊनहाऊस झालं, मग घर झालं, आणि दर वेळी तो ग्रंथ नव्या देवघरात मानानं जाऊन बसला. दसऱ्याला त्याच्यावर फूल वाहिलं गेलं. तो उघडला किती वेळा गेला, हा प्रश्न मात्र जरा अवघड आहे!

पण त्याहून अवघड प्रश्न पुढचा आहे. समजा उघडला, रोज नेमानं वाचला, तर त्यानं माणूस शहाणा होतो का? धर्मग्रंथ वाचल्यानं पुण्य मिळतं की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग झाला. मी विचारतो आहे ते साध्या, व्यवहारातल्या शहाणपणाबद्दल. घरात, ऑफिसात, भावाबहिणींशी वागताना योग्य काय ते कळणं आणि वेळेवर कळणं, यासाठी ग्रंथाच्या नित्य अभ्यासाचा काही उपयोग आहे का?

दोन्ही बाजूंचे पुरावे आपल्या डोळ्यांसमोर असतात. प्रत्येकाच्या नात्यात एक गृहस्थ असे असतात, की ज्यांची चाळीस वर्षं पारायणं चालू आहेत आणि तितकीच वर्षं सख्ख्या भावाशी बांधावरून कोर्टात भांडणही चालू आहे. उलट एखादी आजी अशी असते, की जिला अक्षरओळखही नाही, पण अख्खी आळी तिच्याकडे सल्ल्याला येते. मग ग्रंथानं नेमकं केलं काय?

या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. गेली काही वर्षं आम्ही पाच कुटुंबं मिळून एक ग्रंथ वाचतो आहोत, त्यातून जे थोडंफार हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

आमचा ग्रंथ दासबोध. निवडण्याचं कारण अगदीच कारकुनी होतं. दासबोधात वीस दशक, प्रत्येक दशकात दहा समास, म्हणजे एकूण दोनशे समास. सगळ्या मिळून सुमारे ७,७५० ओव्या. एक समास मोठ्यानं वाचायला साधारण दहा मिनिटं लागतात. मी आयटीतला माणूस, त्यामुळे आकडे असे सुटसुटीत दिसले की लगेच प्लॅन करायचा मोह होतो! दर रविवारी सकाळी नऊ वाजता कॉन्फरन्स कॉल, एक समास, नंतर अर्धा तास चर्चा. २०१६ च्या गुढीपाडव्याच्या आठवड्यात सुरुवात केली. भारतवाऱ्या, मुलांचे रिसायटल्स, हिमवादळं यांच्या सुट्ट्या धरून पहिलं आवर्तन संपायला साडेचार वर्षांच्या आसपास लागली.

आमचा एकच नियम होता. क्रम सोडायचा नाही. आवडता समास पुन्हा घ्यायचा नाही आणि कंटाळवाणा गाळायचा नाही. हा नियम केला तेव्हा तो फक्त सोयीसाठी होता. त्यातच सगळं मर्म आहे, हे पुढे लक्षात आलं.

आता पाहा. पहिल्या दशकाच्या दहा समासांत ग्रंथाची ओळख, गणेश, शारदा, सद्गुरू, संत, श्रोते यांची स्तवनं आणि नरदेहाची थोरवी. सगळं प्रसन्न. वाचणाऱ्याला वाटतं, चला, आपण काहीतरी चांगलं करतो आहोत. आणि अकराव्या समासाला समर्थ थेट मूर्खाची लक्षणं सांगायला बसतात! स्वतःची स्तुती स्वतःच करणारा, वाडवडिलांच्या मोठेपणावर जगणारा, दुसऱ्याची लहानशी चूकही माफ न करणारा. आम्ही हसत हसत वाचलं. प्रत्येकाला कुणी ना कुणी ओळखीचं आठवत होतं. मग आणखी नऊ आठवडे गेले आणि विसावा समास आला, पढतमूर्खाचा. पुष्कळ ग्रंथ वाचलेला, दुसऱ्यांना उत्तम उपदेश करणारा, आणि तरीही मूर्ख. त्या दिवशी हसू जरा कमी झालं, कारण वीस आठवडे नेमानं ग्रंथ वाचणारे आणि त्याचा सूक्ष्म अभिमान बाळगू लागलेले दहा लोक त्या कॉलवर हजर होते.

समर्थांचं हे मला फार मोठं वाटतं. सज्जनगडावर जाऊन त्यांच्या समाधीला नमस्कार करणारे आपण सगळेच त्यांच्या वैराग्याबद्दल बोलतो. पण स्वतःच्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्यांनी लिहून ठेवलं, की नुसत्या वाचनानं मूर्खपणा जात नाही, उलट त्याला विद्येचं बळ मिळू शकतं. म्हणजे आपल्या त्या बांधावरून भांडणाऱ्या गृहस्थांची नोंद साडेतीनशे वर्षांपूर्वीच झालेली आहे.

मग नेम कशासाठी? इथे माझ्या धंद्यातला एक मुद्दा सांगतो.

आमच्या व्यवसायानं जगाला शोधायची सवय लावली. काही हवं असलं की टाइप करा, उत्तर हजर. आता तर कुठल्याही ग्रंथाचा सारांश दहा ओळींत करून देणारी एआयची साधनं हाताशी आहेत. मीही ती रोज वापरतो. पण शोधण्याची एक मर्यादा आहे. तुम्ही जे विचाराल त्याचंच उत्तर मिळतं. जो प्रश्न तुम्हाला पडलेलाच नाही, त्याचं उत्तर कुठलंही यंत्र तुमच्यासमोर आणून ठेवत नाही. आणि आयुष्यात आपण अडकतो ते बहुतेक वेळा उत्तर न मिळाल्यामुळे नव्हे, तर आपण भलताच प्रश्न सोडवत बसल्यामुळे. क्रमानं वाचलेला ग्रंथ नेमकं उलटं काम करतो. आज विषय कोणता, हे तुम्ही ठरवत नाही, तो ठरवतो. तुमच्या मनात प्रमोशन असतं आणि त्याच्या पानावर मृत्यू असतो.

एक उदाहरण सांगतो. तिसऱ्या दशकात स्वगुणपरीक्षेचे चार समास आहेत. एका सामान्य माणसाची जन्मापासूनची कहाणी त्यांत सांगितली आहे. हा माणूस पोट भरण्यासाठी घरदार मागे ठेवून विदेशी जातो, तिथे अपार कष्ट करतो, काही वर्षांत पैसा साठवतो आणि गावी परत येतो. येऊन पाहतो तर मुलखात अवर्षण पडलेलं आणि घरची माणसं अन्नावाचून खंगलेली. हे वाचताना गटातले एक मित्र म्हणाले, "अहो, हा तर एच-वनवर गेलेला दिसतो!" सगळे हसले. मग आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ काकूंनी शांतपणे विचारलं, "पण काय हो, घरी काय चाललंय हे त्यानं अधूनमधून विचारलं असेल का? की परत गेल्यावरच कळलं त्याला?"

त्या महिन्यात माझा आणि माझ्या धाकट्या भावाचा आई-बाबांबद्दल विचार चालू होता. दोघं साताऱ्यात राहतात. भाऊ पुण्यात. त्यांना पुण्यात भावाच्या घराजवळ फ्लॅटमध्ये आणायचं, असा आमचा बेत होता. लिफ्ट असलेली इमारत, जवळ हॉस्पिटल, महिन्याचा खर्च, सगळ्याची एक्सेल शीट तयार होती. आमचा प्रश्न होता, कुठला फ्लॅट? काकूंचं वाक्य ऐकल्यावर मी संध्याकाळी आईला फोन केला आणि फ्लॅटचं काहीच न बोलता विचारलं, "आई, तुझा दिवस कसा जातो, मला सकाळपासून सांग ना." ती पाऊण तास बोलत होती. दूधवाला, शेजारच्या वहिनी, देवळातलं भजन, बाबांचे संध्याकाळी कट्ट्यावर जमणारे चार मित्र. दुसऱ्या दिवशी भावाला मी ते सगळं सांगितलं आणि आमचा प्रश्नच बदलला. त्यांना साताऱ्यात सुखरूप कसं राहता येईल, असा तो झाला. बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवल्या, रात्रीच्या सोबतीला एक बाई ठेवल्या. दोन वर्षांनी आई-बाबा आपणहून पुण्याला आले.

यात सगळं गोड झालं असं नाही. त्या दोन वर्षांत बाबा एकदा पाय घसरून पडले आणि महिनाभर अंथरुणात होते. सगळा भार भावानंच उचलला. आधीच पुण्याला आणलं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणणारे नातेवाईक आहेत आणि त्यांचं म्हणणं सर्वस्वी चूक आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दासबोधात आई-वडिलांना कुठे ठेवावं याचं उत्तर लिहिलेलं नाही. त्यानं फक्त एवढंच केलं, की निर्णय होण्याआधी एक प्रश्न मध्ये आणून ठेवला. पण माझ्या मते, शहाणपणाचा बराचसा भाग एवढाच असतो.

क्रमानं वाचण्याची ही पद्धत आपलीच आहे असं नाही. न्यू जर्सीहून मॅनहॅटनला जाणाऱ्या माझ्या सकाळच्या ट्रेनमध्ये एक ज्यू सहकारी असायचे. ते रोज ताल्मुदचं एक पान वाचत. त्याला 'दाफ योमी' म्हणतात. मेयर शपिरो नावाच्या रब्बींनी १९२३ मध्ये व्हिएन्नात ही कल्पना मांडली. रोज एक पान, जगभर सगळ्यांनी त्या दिवशी तेच पान. अशी २,७११ पानं संपायला साडेसात वर्षं लागतात. १ जानेवारी २०२० ला एका आवर्तनाच्या समाप्तीचा सोहळा झाला, तेव्हा आमच्या न्यू जर्सीतलं मेटलाइफ स्टेडियम भर थंडीत माणसांनी भरलं होतं. आणि त्याच आठवड्यात सगळ्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली! मी त्यांना एकदा विचारलं, "एवढं वाचून काय मिळतं?" ते म्हणाले, "कधीकधी आठवडाभर बैलानं केलेल्या नुकसानाची भरपाई कशी मोजायची, एवढंच वाचतो. माझ्याकडे बैल नाही. पण शेजाऱ्याचं नुकसान म्हणजे काय, याचा विचार मी दुसऱ्या कुठल्या कारणानं केला असता?"

आपल्याकडे याचं सर्वांत बोलकं उदाहरण मला गांधीजींचं वाटतं. गीता त्यांनी प्रथम वाचली ती लंडनमध्ये, कायद्याचे विद्यार्थी असताना, आणि तीही एडविन अर्नोल्डच्या इंग्रजी भाषांतराच्या निमित्तानं. परदेशात येऊन आपला ग्रंथ सापडण्याची गोष्ट आपल्यालाही नवी नाही! पुढे दक्षिण आफ्रिकेत वकिली करताना ते सकाळी दात घासायच्या पंधरा मिनिटांत समोरच्या भिंतीवर श्लोकांचे कागद चिकटवून पाठांतर करत. असे तेरा अध्याय त्यांचे पाठ झाले, हे त्यांनी आत्मकथेत नोंदवलं आहे. पण खरी गंमत पुढे आहे. रोज डोळ्यांसमोर असलेले 'अपरिग्रह' आणि 'समभाव' हे शब्द त्यांना स्वस्थ बसू देईनात. अपरिग्रह म्हणजे नेमकं काय सोडायचं? घरदार? पुस्तकं? कायद्यातल्या विश्वस्ताच्या कल्पनेवरून त्यांना त्याचा अर्थ उलगडत गेला. आणि त्यांनी मुंबईत काढलेली दहा हजार रुपयांची विम्याची पॉलिसी बंद पडू दिली.

मी स्वतः असं करणार नाही. माझी टर्म इन्शुरन्स पॉलिसी आहे आणि तिचा हप्ता मी वेळेवर भरतो. गांधीजींच्या थोरल्या भावालाही त्यांचं हे वळण आवडलं नव्हतं. पण मुद्दा विम्याचा नाही. रोज भेटणारा शब्द पाठ होऊन थांबला नाही, तो त्यांच्या हिशेबाच्या वहीपर्यंत पोचला. पारायण आणि अभ्यास यांतला फरक मला इथे दिसतो. पारायणाला मी कमी लेखत नाही. सात दिवसांत ग्रंथ पुरा करण्यात एक निष्ठा असते. पण ज्या वाचनामुळे आपल्या वागण्यातली एकही गोष्ट कधी अडचणीत येत नाही, ते कितीही वर्षं केलं तरी पालथ्या घड्यावरच पाणी.

आता एक आक्षेप, जो आमच्या घरातूनच आला. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. रविवारी स्वयंपाकघरात सीरियल खाता खाता तिच्या कानावर आमचा कॉल पडायचा. एकदा ती म्हणाली, "बाबा, या पुस्तकात माणूस म्हणजे नेहमी पुरुषच का? आणि त्याचं काही वाईट झालं की दोष बायकोला का?" स्वगुणपरीक्षेच्या समासांबद्दल तिचं म्हणणं खरंच होतं. सतराव्या शतकातल्या समाजाच्या समजुती त्या पानांवर आहेत, जातीच्याही आहेत. त्यांवर सारवासारव करण्यात अर्थ नाही. मी तिला तसंच सांगितलं. मग गंमत म्हणून हेही सांगितलं, की ग्रंथ मुळापासून न पाहता जो दोष ठेवतो त्याला समर्थ पढतमूर्ख म्हणतात. ती म्हणाली, "ठीक आहे. मग मी सगळा वाचते आणि मग दोष ठेवते!" दुसऱ्या आवर्तनात ती कॉलवर बसू लागली. तिच्या सार्थ दासबोधाच्या समासांत पेन्सिलीनं 'नाही' असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं आहे. मला ते आवडतं. समर्थांनी स्वतः प्रचितीवर एवढा भर दिला, की अनुभवाला न पटलेलं मुकाट्यानं मानणं हा त्यांच्याच शिकवणीचा अपमान होईल. ग्रंथाशी वाद घालायलाही त्याच्याकडे रोज जावं लागतं.

शेवटची गोष्ट सांगतो. एप्रिल २०२० मध्ये आमच्या गटातल्या एका मित्राचे वडील पुण्यात गेले. मार्चमध्येच भारतात जाणारी विमानं बंद झाली होती. अंत्यदर्शन फोनच्या पडद्यावर झालं. त्या रविवारी कॉल रद्द करायचा असं आम्ही ठरवत होतो, पण त्याचाच निरोप आला, "नेहमीसारखं वाचू या. मीच वाचतो." मला काळजी वाटली. समास कोणता येतो ते पाहिलं, तर एकोणिसाव्या दशकातला पहिला, लेखनक्रियेचा. अक्षर कसं काढावं, ते वाटोळं, मोकळं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं कसं असावं, शाई, कागद, पोथीची बांधणी. वडील जाऊन चार दिवस झालेल्या माणसापुढे हा काय विषय!

त्यानं अर्धा समास वाचला आणि थांबला. मग म्हणाला, "बाबांचं अक्षर असंच होतं. मी इथे आलो तेव्हा दर पंधरवड्याला त्यांचं पत्र यायचं. पहिली ओळ आणि शेवटची ओळ सारखीच." आणि चार दिवसांत पहिल्यांदा तो मोकळेपणानं रडला. आम्ही कुणी काही बोललो नाही. मग त्यानं उरलेल्या ओव्या वाचल्या.

आम्ही त्याचं सांत्वन करायला ग्रंथ चाळला असता, तर तिसऱ्या दशकातला मृत्यूनिरूपणाचा समास काढला असता. तो चुकीचा ठरला नसता, पण ते ऐकायला तो त्या दिवशी तयार नव्हता. अक्षराचा समास कुणीही निवडला नसता. योगायोग? अर्थातच योगायोग. पण नेमानं बसणाऱ्यालाच असे योगायोग भेटतात आणि अशा वेळी शेजारी बसायला चार वर्षांची सवय असलेली माणसंही लागतात. 'आज मन नाही' म्हणून प्रत्येकानं उठायचं ठरवलं असतं, तर त्या दिवशी कॉलवर कुणीच नसतं.

तेव्हा वाचकहो, सुरुवातीच्या प्रश्नाला मला सुचलेलं उत्तर असं आहे. ग्रंथ वाचून शहाणपण येतंच, अशी हमी नाही. तशी ती समर्थांनीही दिलेली नाही. पण आपल्या सोयीनं न निवडलेल्या पानासमोर रोज किंवा दर आठवड्याला बसण्याची सवय असेल, तर आपण टाळत असलेला प्रश्न कधी ना कधी समोर येतो. त्याचं काय करायचं हे मग आपल्यावर. त्या आजीचंही बहुधा असंच असावं. तिनं ग्रंथ वाचला नसेल, पण वर्षानुवर्षं देवळात बसून कीर्तन ऐकलं असेल, आणि ऐकलेलं घरी येऊन वागण्यात आणलं असेल. आपल्या परंपरेत श्रवणाला पहिलं स्थान दिलं आहे ते उगीच नाही.

ग्रंथ दासबोधच हवा असं मुळीच नाही. ज्ञानेश्वरी घ्या, गीताई घ्या, तुमच्या घरी जो आला असेल तो घ्या. दहा मिनिटं पुरतात. क्रम मोडू नका, जमलं तर दोन-चार घरं सोबतीला घ्या, पटलं नाही तिथे पेन्सिलीनं खूण करा आणि पुढे चला. आमचं तिसरं आवर्तन चालू आहे. रविवारी सकाळी नऊला कुणाला सामील व्हावंसं वाटलं, तर मंडळाच्या कार्यक्रमात भेटलो की सांगा. मराठी वाचता येत नाही म्हणून मुलं संकोचत असतील तर त्यांनाही आणा. ऐकायला अक्षरं लागत नाहीत.